खुर्च्या काढलेलें विमान

मागील सत्रांत दहावीच्या वर्गास मीं "माझी महत्त्वाकांक्षा" हा नेहमींचाच विषय निबंधासाठीं दिला होता. वह्या तपासूं लागलों तेव्हां डॉक्टर, इंजिनिअर आणि क्रिकेटपटु हे दर वर्षींचे पाहुणे ओळीनें भेटले. एक वही मात्र निराळी निघाली. डोंबिवलीहून येणाऱ्या एका मुलानें लिहिलें होतें कीं, मोठा झाल्यावर मी एक प्रवासी विमान विकत घेईन, त्यांतील सगळ्या खुर्च्या काढून टाकीन आणि तेथें एक पलंग मांडीन. कारणही त्यानें दिलें होतें. त्याचे वडील रोज सकाळीं डोंबिवलीहून दादरला आणि रात्रीं दादरहून डोंबिवलीला लोकलच्या दारांत उभे राहून जातात-येतात. त्यांना एकदां तरी पाय लांब करून प्रवास करतां यावा, एवढीच त्या मुलाची इच्छा होती. मीं खालीं तांबड्या शाईनें शेरा मारला : "भाषा बरी, कल्पना वास्तवास सोडून."

दुसऱ्या दिवशीं मुलगा वही घेऊन मजपुढें उभा राहिला. "सर, असें विमान खरोखर असतें," एवढेंच तो म्हणाला. मीं चौकशी केली, तों मुलाचें म्हणणें खरें निघालें आणि शेरा मारणाऱ्याचेंच ज्ञान अपुरें ठरलें. शिक्षकानें आपली चूक शाळेच्या वार्षिकांत कबूल करावी हें योग्यच आहे. परंतु ह्या लेखाचें प्रयोजन तेवढेंच नाहीं. अशीं विमानें असतात, हें कळल्यानंतर तीं असावींत काय, हा दुसरा प्रश्न मनांत उभा राहिला. आणि त्याविषयीं माझ्या विद्यार्थ्यांशीं चार शब्द बोलावे असें वाटलें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. धनिकांसाठीं लहान जेट विमानें वेगळीं बांधतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्यांना तीं अपुरीं वाटतात ते शंभर-दीडशें उतारू नेणारें विमानच आपल्या खासगी उपयोगासाठीं घेतात. ह्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग वापरलेलें प्रवासी विमान घेऊन तें आंतून बदलून घेण्याचा. अमेरिकेंतील प्रसिद्ध गायक एल्व्हिस प्रेस्ली ह्यानें १९७५ सालीं डेल्टा ह्या कंपनीच्या सेवेंत राहिलेलें कॉन्व्हेअर ८८० जातीचें विमान विकत घेतलें, त्यांत शयनगृह व बैठकीची खोली करविली आणि त्यास आपल्या मुलीचें नांव दिलें. दुसरा मार्ग कारखान्यांतूनच रिकामें विमान घेण्याचा. बोइंग कंपनीनें १९९६ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या भागीदारींत हा व्यवसाय सुरू केला, आणि युरोपांतील एअरबस कंपनीही लौकरच त्यांत उतरली. असें विमान कारखान्यांतून बाहेर पडतें तेव्हां त्यांत खुर्ची नसते, गालिचा नसतो, भिंतींस अस्तर नसतें. धातूच्या रक्षणासाठीं अंगावर दिलेला हिरवट लेप तेवढा असतो. म्हणून ह्या धंद्यांतील लोक त्याला "हिरवें विमान" म्हणतात. तेथून तें जर्मनींतील हांबुर्ग, स्वित्झर्लंडमधील बाझल किंवा अमेरिकेंतील एखाद्या कारखान्यांत जातें, आणि त्याची अंतर्रचना पुरी होण्यास पुष्कळदां वर्षाहून अधिक काळ लागतो. २००७ सालीं मुंबईचे उद्योगपति मुकेश अंबानी ह्यांनीं आपल्या पत्नीस वाढदिवसानिमित्त एअरबस ए-३१९ जातीचें विमान भेट दिलें, तेव्हां ही गोष्ट आपल्याकडे घरोघरीं पोंचली. ह्याच जातीचीं विमानें नेहमींच्या सेवेंत सव्वाशें-दीडशें उतारू नेतात.

हें रूपांतर म्हणजे खुर्च्या उचलून पलंग मांडणें, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. आंत बसविलेला प्रत्येक पडदा, प्रत्येक गादी, प्रत्येक फळी आगीच्या कसोटीस उतरावी लागते; ज्वाला दूर होतांच ती आपोआप विझली पाहिजे. बसावयाचें प्रत्येक आसन कमरेच्या पट्ट्यासह असें घट्ट जखडावें लागतें कीं मोठ्या हिसक्यासही तें जागचें हलूं नये. संगमरवर हवा असेल तर त्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा काढून मधाच्या पोळ्याप्रमाणें पोकळ अशा हलक्या फळीवर चिकटवितात. पलंग मागें सरकविला तर विमानाचा तोल बदलतो. तो हिशेब पुन्हां मांडावा लागतो. सुतार, शिंपी, विजेचा कारागीर आणि गणिती ह्या सर्वांनीं एकत्र बसून करावयाचें हें काम आहे, आणि त्यांतील कौशल्याबद्दल माझ्या मनांत आदरच आहे.

आतां पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें. कोणत्याही विमानास जमीन सोडतांना किती वजन उचलतां येईल, ह्याची मर्यादा ठरलेली असते. त्या मर्यादेंत विमानाचा सांगाडा, माणसें व त्यांचें सामान, आणि इंधन हीं तिन्ही बसवावीं लागतात. सामानासह एक उतारू सुमारें १०० किलो धरला, तर १२० उतारू उतरविले कीं १२ टन वजनाची मोकळीक मिळाली. तितकें अधिक इंधन घेतां येईल. मात्र तें ठेवण्यास पंखांतील टांक्या पुरत नाहींत, म्हणून पोटांतील सामानाच्या कोठारांत जादा टांक्या बसवितात. बोइंग ७३७-७०० हें विमान सुमारें १२५ उतारू घेऊन एका दमांत ६,००० किलोमीटरांच्या आंतबाहेर जातें. मुंबईहून लंडन सुमारें ७,२०० किलोमीटर. म्हणजे तेथवर तें पोंचत नाहीं. त्याच अंगयष्टीस त्याच वंशांतील मोठ्या विमानाचे पंख लावून, पोटांत ९ पर्यंत जादा टांक्या घालून, ८ माणसांसाठीं तें सजविलें म्हणजे तें ११,००० किलोमीटरांहून अधिक जातें. हा वाढीव पल्ला कोठून आला? थोडा पंखांतून आला, थोडा टांक्यांतून आला. परंतु त्या टांक्या भरण्यास लागणारी वजनाची सवड रिकाम्या झालेल्या खुर्च्यांतून आली. एकास दूर जातां यावें म्हणून पुष्कळांस खालीं उतरावें लागलें.

हाच हिशेब अंकगणितांत मांडूं. १२८ माणसांनीं मिळून जें इंधन जाळावयाचें तें ८ माणसांनीं जाळलें, तर प्रत्येकाच्या वांट्यास १६ पट आलें. विमान हलकें झाल्यानें कांहीं वांचेल, हें धरूनही तें १० पटींच्या खालीं यावयाचें नाहीं. त्या इंधनाचा धूर मात्र आठांच्या घरापुरता राहत नाहीं. तो सर्वांच्या आकाशांत मिसळतो.

येथें न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक रूपांतर चैनीसाठींच असतें असें नाहीं. आपल्या राष्ट्रपतींस व पंतप्रधानांस परदेशीं नेण्यासाठीं पूर्वीं एअर इंडियाचीं बोइंग ७४७ विमानें नेहमींच्या सेवेंतून तेवढ्यापुरतीं काढून घेत, त्यांची अंतर्रचना बदलीत, आणि दौरा संपल्यावर तीं पुन्हां उतारूंच्या सेवेंत येत. अमेरिकेस जातांना त्यांना वाटेंत इंधनासाठीं थांबावें लागे. पुढें एअर इंडियाचीं दोन बोइंग ७७७ विमानें अमेरिकेंत पाठवून कायमचीं बदलून घेतलीं. त्यांतील पहिलें १ ऑक्टोबर २०२० रोजीं दिल्लीस उतरलें. साडेतीनशेंच्या आसपास उतारू नेणाऱ्या ह्या विमानांत आतां बैठकीची खोली, वैद्यकीय उपचारांची सोय आणि शत्रूच्या क्षेपणास्त्रापासून बचावाची सामग्री आहे, आणि तीं वायुदलाचे वैमानिक चालवितात. राष्ट्राच्या कारभाराचा भार ज्यांच्या शिरावर आहे, त्यांना सुरक्षित व वेळेवर पोंचविणें हें राष्ट्राचेंच काम होय. जुन्या ७४७ विमानांपैकीं शेवटचें २२ एप्रिल २०२४ रोजीं मुंबईहून कायमचें उडून गेलें. मला मात्र त्या जुन्या पद्धतींत एक मर्म दिसतें : जें वाहन काल राष्ट्रप्रमुखांसाठीं होतें, तेंच उद्यां आखातांत मजुरीस जाणाऱ्या माणसासाठीं असे.

आपल्या ठाणें-कल्याणच्या माणसास हा विषय आकाशांतला वाटूं नये. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, तेव्हां तिच्या १४ डब्यांत सुमारें ४०० निमंत्रित पाहुणे होते आणि तिला २१ तोफांची सलामी मिळाली होती. म्हणजे ती आरंभीं थोरामोठ्यांची गाडी होती. पुढील वर्षीं मे महिन्यांत रूळ कल्याणपर्यंत पोंचले. त्यानंतर हळूहळू कोळणीची पाटी, कारकुनाचा डबा, गिरणीकामगाराची वळकटी आणि शाळकरी मुलाचें दप्तर ह्यांना त्या गाडींत जागा मिळाली. थोड्यांचें वाहन पुष्कळांचें झालें. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासांत ह्याहून मोठें रूपांतर मला दिसत नाहीं. ज्या विमानाची गोष्ट आपण करीत आहों, त्याचा प्रवास नेमका उलट दिशेचा आहे.

उलट दिशेचा अनुभव आपण रुळांवरही घेतला आहे. ऑगस्ट २०२२ मध्यें मध्य रेल्वेनें रोजच्या १० साध्या लोकल फेऱ्यांच्या जागीं वातानुकूलित फेऱ्या सुरू केल्या. वातानुकूलित गाडी वाईट नव्हे. उन्हाळ्यांत ती कोणास नको आहे? परंतु साध्या गाडीचा पासधारक तींत चढूं शकत नव्हता, आणि त्याची नेहमींची गाडी तर गेली होती. कळवा व बदलापूर येथें लोकांनीं निदर्शनें केलीं, आणि त्या फेऱ्या थोड्याच दिवसांत मागें घ्याव्या लागल्या. लोकांचा राग थंड हवेवर नव्हता. नव्या सोयीची किंमत, ज्याला ती सोय परवडत नाहीं त्याच्याच जागेनें चुकती झाली, ह्यावर तो होता. ती जागा किती मोलाची असते, हें ९ जून २०२५ च्या सकाळनें आपणांस पुन्हां दाखविलें. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जात असतां दारांत लोंबकळणारे उतारू खालीं पडले आणि त्यांतील कित्येकांचे प्राण गेले. ते सर्व कामावर किंवा कामाहून घरीं निघालेले लोक होते. त्यांना पलंग नको होता. दोन पाय टेकण्यापुरती आंतली जागा हवी होती. माझ्या विद्यार्थ्याचे वडील रोज त्याच वळणावरून जातात.

कोणी म्हणेल, "ज्यानें आपल्या पैशानें विमान घेतलें त्याच्याशीं आपल्याला काय करावयाचें? त्याच्या खर्चानें शेंकडों कारागिरांचीं पोटें भरतात. त्याचा वेळ वांचतो आणि त्या वेळांत तो आणखी उद्योग उभारतो." ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दुसऱ्याच्या संपत्तीकडे मत्सरानें पाहणें हें आपल्या धर्मास मान्य नाहीं. अशा कारखान्यांत काम करणारा कारागीर प्रामाणिक भाकरी मिळवितो, ह्यांतही शंका नाहीं. परंतु विमान जरी एकाच्या पैशाचें असलें, तरी तें ज्या जमिनीवरून धांवतें ती जमीन एकाची नसते. कल्याणहून मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी येथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं ब्रिटिश सरकारनें धांवपट्टीसाठीं शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. त्या युद्धापुरत्याच घेतल्या होत्या, असें शेतकऱ्यांचें म्हणणें आहे. युद्ध १९४५ सालीं संपलें. गाऱ्हाणें मात्र संपलें नाहीं. जून २०१७ मध्यें तेथें नौदलाच्या कुंपणावरून आंदोलन पेटलें, आणि गांवकरी व पोलीस दोघेही जखमी झाले. नव्या मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजीं, नाताळाच्याच दिवशीं, उड्डाणांस खुला झाला. त्यासाठीं उलव्याची टेकडी कापावी लागली आणि गांवेंच्या गांवें हलवावीं लागलीं. अशा भूमीवरून जो उडतो त्याच्या शिरावर, तिकीट काढलेलें असो वा नसो, एक ऋण चढतें. तें फेडण्याची इच्छा असणें आणि नसणें ह्यांत मला श्रीमंत मनुष्य व दरिद्री मनुष्य ह्यांतील खरा भेद दिसतो.

हें ऋण फेडण्याचे मार्गही रूपांतराच्याच विद्येंत आहेत. १९८२ सालीं ऑर्बिस नांवाच्या संस्थेनें युनायटेड एअरलाइन्स कंपनीनें दान दिलेल्या डीसी-८ विमानांत नेत्ररुग्णालय थाटलें. पुढें तिचें तिसऱ्या पिढीचें विमान आलें. तें पूर्वीं मालवाहू होतें; फेडएक्स कंपनीनें तें दिलें आणि २०१६ सालीं तें रुग्णालय म्हणून उभें राहिलें. त्यांत शस्त्रक्रियेची खोली आहे, आणि तिच्याजवळच ४६ आसनांची वर्गखोली आहे. तेथें बसून स्थानिक डॉक्टर चाललेली शस्त्रक्रिया पाहतात व शिकतात. ह्या संस्थेचें विमान भारतांतही येऊन गेलें आहे. आपल्या रुळांवरचें उदाहरण ह्याहून जवळचें आहे. १६ जुलै १९९१ रोजीं इंपॅक्ट इंडिया फाउंडेशन ह्या संस्थेनें रेल्वेच्या साहाय्यानें मुंबईहून "लाइफलाइन एक्सप्रेस" ही रुग्णालयाची गाडी सुरू केली. रेल्वेनें दिलेल्या डब्यांत शस्त्रक्रियेच्या खोल्या करून ती खेडोपाडीं जाते. तींत मोतीबिंदु उतरवितात, दुभंगलेला ओठ शिवतात, बहिऱ्या कानांवर उपचार करितात. २०२० च्या महामारींत रेल्वेनें सुमारें ५,००० डबे रुग्णांच्या विलगीकरणासाठीं बदलले. त्यांतील पुष्कळांचा फारसा उपयोग झाला नाहीं, हें खरें. तरी संकटाच्या वेळीं आसन काढून खाट मांडावी, हें त्या कारागिरांस सुचलें आणि तें त्यांनीं करून दाखविलें.

ह्या सर्व उदाहरणांतही खुर्च्या काढल्याच आहेत. हातोडा तोच, स्क्रू तोच, वजनाचा हिशेब तोच. खाट कोणासाठीं मांडली, एवढाच काय तो फरक. म्हणून विद्यार्थ्यांनो, ही विद्या शिका, अवश्य शिका. नागपूरच्या मिहान येथें विमानदुरुस्तीचें मोठें केंद्र उभें आहे. उद्यां आपल्यांतील कोणी तेथें कामास लागेल, कोणी हांबुर्गलाही जाईल. तेथें जें काम समोर येईल तें चोख करा. परंतु ज्या दिवशीं आपल्या हातीं सत्ता किंवा संपत्ति येईल, त्या दिवशीं प्रत्येक बदलाच्या वेळीं स्वतःस विचारा : ह्यामुळें किती जण आंत आले, आणि किती जण खालीं उतरले?

दयाळु शोमरोन्याची गोष्ट आपण रविवारच्या शाळेंत लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्या गृहस्थाजवळ स्वतःच्या मालकीचें वाहन होतें आणि त्याबद्दल प्रभूनें त्यास बोल लाविला नाहीं. वाटेंत जखमी मनुष्य दिसतांच त्यानें त्याला आपल्या जनावरावर बसविलें. तो स्वतः त्या वेळीं पायीं चालला असावा, असें मला नेहमीं वाटतें. खासगी वाहनाचें याहून सुंदर रूपांतर कोणत्याही कारखान्यांत झालेलें नाहीं. त्यासाठीं त्याला वाटेंत थांबावें लागलें, आणि थांबल्यामुळेंच तें शक्य झालें. जो एका दमांत ११,००० किलोमीटर जातो, त्याला वाटेंत कोण पडला आहे हें दिसण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

शेवटीं त्या वहीकडे वळतों. मीं माझा शेरा खोडला व मुलास बोलावून क्षमा मागितली. नंतर विचारलें, "बाळ, विमान घेतलेंस, खुर्च्या काढल्यास, बाबांचा पलंगही मांडलास. काढलेल्या खुर्च्यांचें काय करशील?" त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "लोकलला एक जादा डबा लावीन, सर, आणि त्यांत बसवीन." रेल्वेच्या अभियंत्यांस हें उत्तर हास्यास्पद वाटेल, विमानाची खुर्ची लोकलमध्यें बसत नाहीं आणि डबा वाढविणें फलाटाच्या लांबीवर अवलंबून असतें, हें मलाही कळतें. परंतु खालीं उतरविलेल्या माणसांची आठवण त्या मुलास होती. मोठेपणीं तो ती विसरला नाहीं, तर त्याच्या हातून होणारें कोणतेंही रूपांतर आमच्या शाळेस भूषणच होईल. मीं वहीवर नवा शेरा लिहिला : "कल्पना वास्तवास धरून आहे. पुढें चालूं ठेव."